ढोले मॅडमचा मोतीबिंदू

डोळ्यातल्या भिंगाबद्दल ढोले मॅडमइतकं अख्ख्या अमरावतीत कोणाला कळत असेल असं मला वाटत नाही. आणि स्वतःच्या डोळ्यांची त्यांनी जेवढी माती केली, तेवढी दुसऱ्या कोणी केली असेल असंही वाटत नाही. ही दोन्ही वाक्यं एकाच बाईबद्दल लिहावी लागतात याचा मला राग येतो. लोक म्हणतात, सुधाकरभाऊ, आता कशाला चिडता, होऊन गेलं. होऊन गेलं म्हणूनच चिडतो. होण्याआधी चिडत होतो तेव्हा कोणी ऐकलं नाही.

मी त्यांच्या कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होतो. त्या बारावीच्या पोरांना जीवशास्त्र आणि बी.एस्सी.च्या पोरांना जीवरसायन शिकवायच्या. उंची बेताची, साडी सुती, चष्म्याला पाठीमागून काळी दोरी, आणि तोंडात एकच शब्द: "पुरावा?" प्राचार्य म्हणाले की यंदा फर्निचर नक्की येईल, की ह्या विचारायच्या, "पुरावा?" भाजीवाली म्हणाली वांगी आजचीच आहेत, "पुरावा?" एकदा मी सांगितलं की मला ताप आहे, घरी जातो. त्यांनी प्रयोगशाळेचा थर्मामीटर आणला. तो बीकरमधल्या पाण्याचं तापमान मोजायचा, हातभर लांब. मी मुकाट्याने कामाला लागलो.

त्यांचं सगळं आयुष्य डोळ्यातल्या भिंगावर चाललं होतं. बुबुळाच्या मागे असतं ते, मसुराच्या दाण्यासारखं फुगीर. वर्गात त्या सांगायच्या की हे भिंग म्हणजे पाणी आणि प्रथिनं, दुसरं काही नाही. त्या प्रथिनांचं नाव क्रिस्टॅलिन. भिंगाच्या मधोमध जी आहेत ती आईच्या पोटात असतानाच तयार झालेली असतात आणि मरेपर्यंत तीच राहतात. कातडी नवी येते, नखं नवी येतात, पण तिथलं एक प्रथिन बदलून मिळत नाही. भिंगात रक्तवाहिनी नाही, आणि उजेड आरपार जावा म्हणून तिथल्या पेशी आपल्या पोटातलं सगळं सामान बाहेर टाकून देतात. मग दुरुस्ती करणार कोण?

इथवर त्या पुस्तकी मराठीत बोलायच्या. पुढे विषय रंगला की वऱ्हाडी सुरू. "अल्फा क्रिस्टॅलिन म्हंजे लग्नघरातली आत्या समज. कोण रुसलं, कोण भांडून राहिलं, सगळ्याइले धरून बसवते. बाकीची प्रथिनं बिघडली, एकमेकाच्या गळ्यात पडाले लागली, की हे आत्या त्याइले आवरते. पण आत्या किती दिवस पुरन? उन्हानं, साखरेनं, वयानं थेही थकते. मंग गुठळ्या होतात. उजेड त्या गुठळ्याइवर आपटून फाकते. थोच मोतीबिंदू." पोरं हसायची. पण पेपरात कोणी आत्या विसरत नसे.

हे सगळं पोरांनी डोळ्यांनी पाहावं म्हणून बोकडाचे डोळे लागायचे, आणि ते आणायचं काम माझ्याकडे. आमच्या घरी अंडंसुद्धा चालत नाही. रोज सकाळी स्कूटरला डबा लटकवून मी रहीमभाईच्या मटणाच्या दुकानात हजर. ओळखीचं कोणी दिसलं की मी डबा मागे लपवायचो. रहीमभाई भला माणूस, बर्फात डोळे ठेवून द्यायचा, पैसेही घेत नसे. पण मॅडमचं समाधान कुठे? डावा कोणता, उजवा कोणता, बोकडाचं वय काय, सगळं चिठ्ठीवर पाहिजे. एक दिवस रहीमभाईने सुरी खाली ठेवली. "सुधाकरभाऊ, बाई को बोलो, बकरे का जनम-दाखला भी लाके दूँ क्या?"

मी हे मॅडमना जसंच्या तसं सांगितलं. वाटलं, लाजतील. त्या म्हणाल्या, "दाखला नको. जबडा घेऊन ये. दातावरून वय समजते." त्या दिवसापासून मी डोळे आणि जबडे दोन्ही वाहू लागलो. माझ्या लग्नाच्या बोलणीत सासऱ्यांनी विचारलं, कॉलेजात नेमकं काय काम करता? मी ग्रंथालयात आहे म्हणून सांगितलं.

पण खोटं कशाला बोलू, त्यांचा तो प्रयोग पाहायला मलाही आवडायचं. बोकडाच्या डोळ्यातून काढलेलं ताजं भिंग त्या पेपरातल्या एखाद्या अक्षरावर ठेवायच्या. अक्षर मोठं होऊन लख्ख दिसायचं. मग तेच भिंग साखरेच्या दाट पाण्यात ठेवायचं. दुसऱ्या दिवशी अक्षर धुरकट. तिसऱ्या दिवशी भिंग ताकासारखं पांढरं, खालचं अक्षर गायब. "मधुमेह असून चहात दोन चमचे टाकता ना, त्याइनं पाहून घ्या," असं त्या सगळ्या स्टाफरूमला ऐकू जाईल असं म्हणायच्या. प्राचार्यांनी चहा पिणं सोडलं नाही, पण प्रयोगशाळेत येणं सोडलं.

त्यांचं मुख्य भांडण होतं ते 'पिकण्या'शी. आमच्याकडे मोतीबिंदू झाला की घरचे, शेजारचे, सगळे एकच सांगतात, अजून पिकला नाही, पिकू द्या. पूर्वी डॉक्टरही तसंच सांगायचे, कारण तेव्हाच्या पद्धतीत भिंग कडक झाल्यावर काढणं सोयीचं पडायचं. ती पद्धत गेली, लोकांच्या डोक्यातलं पिकणं काही गेलं नाही. मॅडम शेंदूरजनाघाटच्या, संत्र्याच्या बागा असलेल्या घरातल्या. तिथे एकदा त्यांचं भाषण ठेवलं होतं. एक म्हातारे बागायतदार उठले आणि म्हणाले, "हिरवं तोडलं तं व्यापारी हात लावत नाही. डोक्टरचंही तसंच असन."

मॅडमनी माइक तोंडाजवळ घेतला. "डोळा म्हंजे संत्र्याचा आंबिया बहार आहे का? व्यापारी येईन, उभ्या बागेची हुंडी करन, मंग तोडन? आतमंदी प्रथिनं सडून राहिली आन् तुमी भावाची वाट पाहून राहिले!" सगळा हॉल खदखदून हसला. ते म्हातारे म्हणजे त्यांचे सख्खे मोठे भाऊ होते. वर्षभर बोलले नाहीत बहिणीशी. पण ऑपरेशन मात्र त्याच महिन्यात करून आले.

माझ्या आईलाही त्यांनी असंच धरलं. आई चार वर्षं 'पिकू दे'वर बसली होती. मॅडम एक दिवस पर्समध्ये अंडं घेऊन घरी आल्या. आई म्हणाली, अंडं स्वयंपाकघरात येणार नाही. मग आमच्या अंगणात, प्रयोगशाळेतला स्पिरिटचा दिवा पेटवून, मॅडमनी बशीत अंडं फोडून त्यातला पिवळा बलक सोडून उरलेलं पाण्यासारखं परीक्षानळीत तापवलं. "पाहा काकू. पांढरं झालं. हेही प्रथिनच. आता याले पयल्यासारखं पारदर्शक करून दाखवा. थेंब टाका, मध टाका, काय टाकाचं थे टाका."

"मी कायले अंड्याले हात लावू?" आई म्हणाली.

"म्हंजे होत नाही ना? तुमच्या डोळ्यात हेच झालं. थेंबानं उतरत नाही, काढाच लागते."

आठवड्याभरात ऑपरेशन झालं. पट्टी सुटल्यावर आईने मॅडमना नीट पाहिलं आणि म्हणाली, "अगं बाई! मॅडम, तुमी तं लयच थकल्या वं. मले इतके दिवस तरण्या दिसत होत्या." मॅडम खूश. म्हणाल्या, हा पुरावा.

आता सांगा, अशा बाईला स्वतःच्या डोळ्यांबद्दल कोणी काय सांगायचं?

निवृत्त झाल्यावरही त्या रोज प्रयोगशाळेत यायच्या. नव्या प्राचार्यांनी एक टेबल दिलं होतं. दोन वर्षांपूर्वी मला पहिल्यांदा शंका आली. चहा कपात ओतताना त्यांनी बशीत ओतला. मग बाटल्यांच्या चिठ्ठ्या तिरप्या चिकटू लागल्या. मग जिन्याची शेवटची पायरी पायाने चाचपू लागल्या. मी म्हणालो, "मॅडम, डोळे दाखवा."

"दाखवले. दोन्हीत मोतीबिंदू आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. जणू टेबलाला दोन खण आहेत.

"मग ऑपरेशन?"

"करू. आधी निरीक्षण."

निरीक्षण! त्यांनी एक वही सुरू केली होती. रोज सकाळी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहायचं, निळा रंग किती कळतो, दिव्याभोवती कडं किती मोठं दिसतं, तारीख किती अंतरावरून वाचता येते, सगळं लिहायचं. म्हणाल्या, "मोतीबिंदू ज्याले होते त्याले प्रथिनं समजत नाही, आन् ज्याले प्रथिनं समजते थो बाहेरून पाहते. आतून पाहून लिहिणारं कोणी पाहिजे का नाही?" मी कपाळावर हात मारून घेतला. पण बाई इतक्या ठासून बोलायच्या की मला वाटलं, असेलही. शिकलेल्या माणसांचं काही सांगता येत नाही.

सहा महिने गेले. वर्ष गेलं. मी म्हणालो, अमरावतीत एवढे डॉक्टर आहेत, कोणाकडेही जा. तर म्हणे, तीनच बरे आहेत आणि तिघंही माझे विद्यार्थी. एकाला मी अडतीस मार्क दिले होते. दुसरा प्रॅक्टिकलला बोकडाचा डोळा पाहून चक्कर येऊन पडला होता. तिसरी हुशार होती, पण गॅदरिंगमध्ये तिने माझी नक्कल केली होती. "याइच्या हाती डोळा देऊ?" मी म्हणालो, मग अकोल्याला जा, तिथे तुम्हाला कोणी ओळखत नाही. म्हणाल्या, पाहू, ऊन उतरू दे. ऊन उतरलं, म्हणाल्या, दिवाळी होऊ दे. दिवाळी झाली, म्हणाल्या, भाचीचं लग्न होऊ दे. भाचीचं तर जमलंही नव्हतं! माझी आई ऐकून म्हणाली, "काहून रे, तुह्या मॅडम पिकाची वाट पाहून राहिल्या का?" मी आईवर ओरडलो. ओरडायचं होतं दुसऱ्यावर.

मग जानेवारीत एक दिवस त्या आल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. मी घरी गेलो. दार उघडंच होतं. मॅडम खुर्चीत बसलेल्या, डोक्याला फडकं घट्ट बांधलेलं, शेजारी बादली. उजवा डोळा लालभडक. म्हणाल्या, ॲसिडिटी आहे, उलट्या होतात.

"डोळ्याला ॲसिडिटी होते?"

तेव्हा त्यांनी मला शिकवायला सुरुवात केली. खरं सांगतो, त्या अवस्थेत. भिंग फार जुनं झालं की आतली प्रथिनं पातळ होतात, वरच्या पिशवीतून पाझरतात, डोळ्यातलं पाणी जिथून निघून जातं ती जाळी बुजवतात. मग डोळ्यातला दाब वाढतो, मागची नस दबते. नस सुकली तर दृष्टी परत येत नाही. "एकदम बरोबर लक्षणं आहेत," असं म्हणाल्या, "कालपासून."

"कालपासून माहीत आहे?" मी इकडेतिकडे पाहिलं. टेबलावर ती निरीक्षणाची वही होती. उघडली. सुरुवातीची पानं मोत्यासारखी. पुढे अक्षरं मोठी होत गेली, ओळी उतरू लागल्या. आणि शेवटची तीस-चाळीस पानं, काय सांगू, ओळीवर ओळ, त्यावर पुन्हा ओळ, काळ्या शाईचा नुसता चिखल. एक शब्द लागत नव्हता. कित्येक महिने ही बाई रोज सकाळी त्याच त्याच जागेवर लिहीत होती आणि तिला दिसत नव्हतं.

"निरीक्षण लिहून ठेवलं ना सगळं?" त्या म्हणाल्या. "त्यात आहे. कालचंही लिहिलं."

"गप्प बसा!" मी ओरडलो. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. "पुरावा पाहिजे ना तुम्हाला? हा घ्या. एक अक्षर वाचता येत नाही याच्यातलं. ना तुम्हाला, ना मला. सगळ्या वऱ्हाडाला शिव्या दिल्या तुम्ही, सख्ख्या भावाची हॉलमध्ये लाज काढली, आणि स्वतः काय केलं? काहून नाही गेल्या तुमी? काहून?"

त्यांनी वही मागितली. पानावरून बोट फिरवलं, जणू शाई हाताला लागेल. मग इतक्या हळू बोलल्या की मला वाकावं लागलं.

"मले भेव लागते, सुधाकर."

मी बादली सरकवून शेजारी खाली बसलो.

"किती डोळे चिरले मी. हजारानं चिरले असन. ब्लेड टेकवली की बुबुळ कसं दबते, मंग कसं एकदम सुटते, हाताले सगळं माहीत आहे. माह्या डोळ्याकडे कोणी थे ब्लेड घेऊन येईन म्हणलं, की मी थे वही काढून बसतो. कोणाले सांगू? मी लोकाइले सांगत फिरलो, भेवाचं काही नाही म्हणून."

एवढंच होतं. ना शास्त्र, ना निरीक्षण, ना अडतीस मार्क. साधी भीती, माझ्या आईला होती तशीच. आईने ती पिकण्याच्या नावाखाली लपवली, मॅडमनी वहीच्या. हे त्या आधीच बोलल्या असत्या तर मी आईलाच आणून शेजारी बसवलं असतं. मला रडू आलं आणि रडू आल्याचा अजूनच संताप आला.

तशा अवस्थेतही अकोल्यालाच जायचं, म्हणाल्या. इथे माझ्याच विद्यार्थ्यांसमोर रडायला लागले तर? मग मी वाद घातला नाही. गाडी केली, वाटेत दोनदा थांबवली, अकोल्यात डोळ्यांच्या एका दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी दाब उतरवला, दुसऱ्या दिवशी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन केलं. दुखणं थांबलं. दृष्टी आली नाही. नस सुकली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता सगळी भिस्त डाव्यावर, तो मात्र लवकर करून घ्या, तोही त्याच वाटेवर आहे. मॅडम "पुरावा?" म्हणाल्या नाहीत. ते मला फार लागलं.

डावा डोळा पुढे चांगला झाला, हे इथेच सांगून टाकतो, नाहीतर वाचणाऱ्याच्या जिवाला घोर. आता त्या शेंदूरजनाघाटला भावाकडे असतात. फोन येतो, तोही मला झापायलाच. पण मॅडम म्हटलं की मला दिसतात त्या दिवशीच्या, अकोल्याला, डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या सकाळी.

ऑपरेशनच्या खोलीबाहेर बाक होतं. अंगावर हिरवा झगा, डोक्याला टोपी, डाव्या भुवईवर चिकटपट्टी. सहा-सात जण तसेच ओळीने बसलेले. मॅडमच्या शेजारी एक म्हातारी होती, धामणगावकडची. ती टोपी काढून उठायच्या बेतात होती. सुनेला म्हणत होती, "मले घरी ने वं. अजून पिकला नाही माहा. दिसते मले थोडं थोडं. पुढच्या साली पाहू."

मी डोळे मिटले. म्हटलं, आता ही बाई इथे भाषण ठोकणार. आंबिया बहार निघणार, आत्या निघणार, म्हातारीची शोभा होणार.

मॅडमनी चाचपत म्हातारीचा हात धरला. "बस वं बाई," त्या म्हणाल्या. "मीबी तसंच म्हणत होतो. थोडं थोडं दिसते, पुढं पाहू. हा पाह्य माहा उजवा डोळा. काही दिसत नाही याच्यातून. डॉक्टरची चूक नाही. मी आलो नाही, म्हणून गेला."

म्हातारीने तो डोळा जवळ येऊन पाहिला. "तुमी शिकलेल्या दिसता," ती म्हणाली.

"हो ना. थेच तं."

"मंग काहून नाही आल्या?"

"भेलो," मॅडम म्हणाल्या. सात माणसांसमोर, मोठ्या आवाजात. "आताही भेवूनच राहिलो."

म्हातारी खाली बसली. टोपी पुन्हा घातली. तेवढ्यात नर्सने दार उघडून हाक मारली, "निर्मला ढोले." मॅडम पटकन म्हणाल्या, "या बाईले पयले घ्या. थे घाबरून राहिली." आणि नर्सने खरंच म्हातारीला आत नेलं. हे दयेपोटी केलं की स्वतःची पाळी पुढे ढकलायला, मला आजपर्यंत कळलेलं नाही. त्या बाईचं काहीच सरळ नव्हतं.

वीस मिनिटांनी पुन्हा हाक आली. आता पुढे घालायला कोणी नव्हतं. मॅडम उभ्या राहिल्या. "सुधाकर?" त्यांनी हात पुढे केला आणि डावीकडे शोधू लागल्या. "सुधाकर, गेला का तू?"

मी त्यांच्या उजव्या बाजूला उभा होतो, हाताच्या अंतरावर. मी बाकाला वळसा घालून डावीकडे गेलो.